चोवीस मणक्यांचा सर

“हे... कुणाच्या गळ्यातले?” त्याने विचारलं.

“गळ्यातले फक्त सात,” मी म्हटलं. “बाकीचे पाठीतले आणि कंबरेतले.”

त्याचा हात हवेतच थांबला. टेबलावर त्याने आपली निळी मखमली थाळी मांडली होती. शेजारी सुया, रेशमाच्या लडी, मेणाचा गोळा, सगळं कसं जागच्या जागी. आणि मी मोठ्या तोऱ्यात खोक्यातून काढून त्या मखमलीवर ठेवला होता माणसाचा मणका. कंबरेतला, चांगला मुठीएवढा.

“फोनवर तुम्ही मणके म्हणालात,” तो हळूच म्हणाला.

“मणकेच आहेत.”

“चोवीस मणक्यांचा एक सर, असे पाच सर गाठवून हवेत, म्हणालात.”

“हो. आमच्या सरांना पाच सर हवेत.”

“एक सर असताना?” तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून स्वतःच गोंधळला. “म्हणजे... मला वाटलं, मोठे मणी असतील. जुन्या घडणीचे.”

“जुन्या घडणीचेच आहेत. हा अंदाजे सात हजार वर्षांचा.”

हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली. चूक म्हटलं तर माझीच होती. संग्रहालयाच्या हाडांच्या विभागात इतकी वर्षं काढली की मणक्याला दुसराही अर्थ असतो हे मी पार विसरून गेले होते. दुकानाच्या पाटीवर ‘मोती, मणी, मणके गाठवून मिळतील’ असं वाचलं आणि लावला फोन. तो बिचारा उन्हातून पायपीट करत एखाद्या घरंदाज बाईच्या माळा बघायला आला होता.

“येतो मी,” असं म्हणून त्याने थाळी आवरायला घेतली. मणका मला परत देताना मात्र त्याने तो, सवयीनेच असणार, तळहातावर जरा तोलून पाहिला. तिथेच गडबड झाली. म्हणजे त्याची. माझी व्हायला अजून थोडा अवकाश होता.

“जड आहे,” तो म्हणाला.

“आमच्याकडची जुनी हाडं आतून दाट आहेत. दिवसभर चालणारी, चढणारी, ओझी उचलणारी माणसं ती.”

त्याने मणका खिडकीच्या उजेडात धरला आणि मधल्या मोठ्या भोकाला डोळा लावला. मोत्याचं वेज, दोरा जायचं भोक, बघतात तसा. “यातून काय जायचं?”

“निरोप,” मी म्हटलं. “डोक्यातून पायाकडे निघालेला प्रत्येक निरोप. थांब, पळ, मागे बघ, त्या पोराला उचल... सगळे याच वाटेने गेले.”

तो बराच वेळ बघत राहिला. त्या भोकातून त्याला समोरची भिंत आणि फार तर भिंतीवरचं घड्याळ दिसत असेल. पण त्याचा चेहरा तसा झाला होता, मी हाडांच्या कामाला नवीन असताना माझा जसा व्हायचा आणि आता होईनासा झाला होता.

“आणि यातून आता मी दोरा घालायचा?”

“घालाल?”

त्याने थाळी परत टेबलावर ठेवली, खुर्ची खिडकीजवळ, माझ्या डाव्या बाजूला ओढली, आणि मेणाचा गोळा उचलला.

काम तसं विचित्रच होतं. मणके एकावर एक रचून कणा उभा करायला पूर्वी तारा वापरायचे. तार गंजते, हाड झिजतं. नवीन भोक पाडायला सक्त मनाई. माणूस कसा बदलत गेला ते पाच वेगवेगळ्या काळांतल्या पाच कण्यांतून दाखवायचं, असं प्रदर्शन आमच्या सरांच्या डोक्यात होतं. आणि माझ्या डोक्यात एकदम आलं होतं, की मोती गाठवताना दर दोन मोत्यांमध्ये गाठ मारतात. मोत्याला मोती घासू नये म्हणून. हाडालाही हाड घासू नये म्हणून आपल्या शरीरात चकत्या असतातच की! मग जाड रेशमी गोफ भोकांतून न्यायचा, दोन मणक्यांमध्ये लोकरी कापडाची चकती ठेवायची, आणि ती गोफाला शिवून टाकायची. मी हे सांगितलं तेव्हा तो इतका खूश झाला, की मला उगीचच आपण फार हुशार आहोत असं वाटलं.

“बिल कुणाच्या नावावर करू?” निघताना त्याने विचारलं.

“इथे मला सगळे मणकेबाई म्हणतात.”

“मग मी मोतीवाला,” तो म्हणाला, आणि दारापाशी अदबीने बाजूला झाला. “चला, मणकेबाई.”

“नाही नाही, आधी तुम्ही,” मी म्हटलं.

आता सांगूनच टाकते. मी कुणालाही पाठ दाखवत नाही. शूर आहे म्हणून नव्हे, पाठ वाकडी आहे म्हणून. तेराव्या वर्षी माझ्या कण्याच्या मनात काय आलं कोण जाणे, तो मध्येच उजवीकडे निघाला, आणि चूक लक्षात आल्यासारखा कंबरेपाशी पुन्हा डावीकडे वळला. दुखत नाही, खुपत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “वाढ थांबली, वाक थांबला. आता मजेत राहा.” मजेत राहणं एवढं सोपं असतं तर! शाळेत माझं नाव ‘स्वल्पविराम’ होतं. आई अजूनही जेवताना “ताठ बस गं” म्हणून जाते आणि मग स्वतःच कावरीबावरी होते. शिंपीणकाकू माझ्या प्रत्येक कपड्याच्या डाव्या खांद्यात कापसाची घडी शिवते आणि दर वेळी माझी समजूत काढते, “कुणाला कळणारही नाही.” मागच्या वर्षी मावशीने ओळखीतल्या एका मुलाशी भेट घालून दिली. आम्ही खूप बोललो, खूप हसलो. बागेतल्या पायऱ्या चढताना मी त्याच्या पुढे होते. मग मावशीकडे निरोप आला, मुलगी छान आहे, पण...

त्या ‘पण’च्या पुढे काही नव्हतं. गरजही नव्हती. तेव्हापासून दार आलं, जिना आला, चिंचोळी वाट आली, की माझ्या तोंडून आपोआप निघतं, आधी तुम्ही.

मोतीवाला रोज दुपारी येऊ लागला. दुकान सकाळी उरकायचा आणि जेवण झालं की आमच्याकडे. खिडकीजवळ, माझ्या डावीकडे बसायचा. दोरा मेणावरून ओढला की खोलीभर मेणाचा कोमट वास पसरायचा, आणि हाडांच्या विभागात पहिल्यांदाच राहत्या घरासारखं वाटायचं. त्याची बोटं लांब आणि शांत होती. मी मोजमापं लिहिताना त्या बोटांकडे बघायची नाही असं ठरवायचे आणि मग एकच मोजमाप दोनदा लिहून ठेवायचे.

“मणकेबाई, या दोघांत फरक काय?” एकदा त्याने दोन मणके दोन तळहातांवर धरून विचारलं. दोन्ही कंबरेतले, अगदी खालचे. एक त्या सात हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा, दुसरा शंभर वर्षांपूर्वीच्या एका कारकुनाचा. त्याने मरताना देह अभ्यासासाठी देऊन टाकला होता.

“तुम्हीच सांगा. मोत्यातला केसाएवढा फरक कळतो ना तुम्हाला?”

त्याने डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. “हा साधारण सारखा आहे, पुढून-मागून. आणि हा... मागे उतरता. पाचरीसारखा.”

“शाबास! अशाच पाचरी बसत गेल्या की कंबरेला जास्त बाक येतो. आमच्या कपाटातली हाडं तरी असं सांगतात. जुन्यांची पाचर बारीक, अलीकडच्यांची मोठी.”

“का पण?”

“छातीठोक कुणीच सांगत नाही. काही म्हणतात, आपण बसायला लागलो. खुर्च्या आल्या, कचेऱ्या आल्या...”

“म्हणजे या कारकुनाची खुर्ची त्याच्या हाडात उतरली?”

“उतरली असेल.”

“बाप रे,” तो म्हणाला. मोठ्याने नाही, अगदी आतून. मग स्वतःच्या वाकलेल्या पाठीकडे मान वळवून बघायचा प्रयत्न करत म्हणाला, “हजार वर्षांनी कुणी माझे मणके ओवले, तर काय म्हणेल?”

“म्हणेल, हा माणूस दिवसभर वाकून बसायचा.”

“आणि कुणासाठी वाकून बसायचा, ते कळेल?”

“ते हाडात उतरत नाही,” मी म्हटलं, आणि लगेच कपाट उघडून त्यात तोंड खुपसलं. कपाटात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

पुढे पुढे तो घरूनच प्रश्न घेऊन यायला लागला. माणूस चार पायांवरून दोन पायांवर कसा आला? मी सांगितलं, की चार पायांवरची पाठ म्हणजे आडवा पूल, दोन्ही टोकांना आधार. आपण उठून उभे राहिलो आणि तोच पूल उभा केला. उभ्या पुलावर डोकं तोलायचं म्हणजे खेळ नव्हे, म्हणून मानेला एक बाक, पाठीला एक, कंबरेला एक. “याला लाखो वर्षं लागली. आणि गंमत माहितीये? प्रत्येक बाळ ते सगळं एका वर्षात उरकतं. जन्मतं तेव्हा पाठ एकच गोल. मान धरली की मानेला बाक येतो. उभं राहायला लागलं की कंबरेचा ठसतो.”

दुसऱ्या दिवशी तो दारातूनच बोलत आला.

“माझ्या भाचीने मान धरलीय! पंधरा दिवस झाले, घरात सगळे कौतुक करतायत, आणि मी मेलो नुसता ‘हो का’ म्हणून जेवत होतो. काल तिला पालथं घातलं आणि बघत बसलो. मान वर करते, थरथरते, परत आपटते, परत वर करते... ताई म्हणाली, काय झालंय तुला? म्हटलं, ताई, ही लाखो वर्षं उचलतेय गं!”

“मग ताई काय म्हणाल्या?”

“म्हणाली, कोण आहे ती?”

“कोण ती?”

“तेच म्हणाली,” तो म्हणाला आणि सुईत दोरा ओवायला लागला. एरवी एका फटक्यात ओवणारा माणूस, त्या दिवशी दोरा काही केल्या नेढ्यातून जाईना.

मी त्या दुपारी फार सुखात होते. आणि फार भ्यालेही होते. कारण तो समोर असेतोवर सगळं ठीक होतं. पण कोणत्या तरी पायऱ्या कधी तरी येणारच होत्या.

तीन सर झाले. प्रत्येक सर पुरा झाला की तो वरच्या मणक्यापासून एक बारीक दोरा खाली सोडायचा. दोऱ्याच्या टोकाला एकच मोती. त्याचा ओळंबाच तो. मोती तळाच्या मधोमध स्थिरावला की सर बरोबर. आणि ते कणे लाकडी चौकटीत असे उभे राहायचे, की आता पाऊल उचलतील. त्यांच्यात एक कोवळा पोरही होता. त्याच्या मणक्यांवर बोट बुडेल असे खळगे होते, लहानपणीच ओझी वाहिल्याचे. मोतीवाल्याने त्या खळग्यांवरून अंगठा फिरवला होता आणि त्या पोराच्या चकत्या जरा जास्तच मऊ कातरल्या होत्या.

चौथा सर गाठवायचा होता त्या दुपारी मला वरच्या मजल्यावर बैठक होती. चौथ्या खोक्यात काय आहे ते मला ठाऊक होतं. हजार वर्षांपूर्वीची एक बाई. तिच्या मणक्यांच्या पाचरी पुढे-मागे नव्हत्या, डाव्या-उजव्या होत्या. मी ते मोजलं होतं, आकडे लिहिले होते, खोकं बंद केलं होतं. तिला उभी कधीच पाहिली नव्हती. सरांनी “ओळीत ही घ्यायची का?” असं विचारलं तेव्हा “घेऊ या” एवढंच म्हटलं होतं. मोतीवाल्याला काहीच सांगितलं नव्हतं. सांगायला गेले असते तर आवाज कापला असता.

बैठकीहून आले तर तो कपाळाला हात लावून बसला होता. कान लाल.

“मणकेबाई, सर बिघडला.”

चौकटीत ती उभी होती. मधोमध निघून उजवीकडे झुकलेली, मग कंबरेपाशी डावीकडे. मी माझी पाठ आरशात कधी पुरती पाहिलेली नाही. त्या दिवशी पाहिली. एवढी मोठी, एवढी स्पष्ट, हजार वर्षं जुनी.

“तीनदा उसवला, तीनदा ओवला,” तो सांगत होता. “माझ्या हातून असं कधी झालेलं नाही. दोरा ओढून सरळ करावा तर हाडं कुरकुरतात.”

“तुमचं काही चुकलेलं नाही. ती अशीच होती.”

“अशीच? जिवंतपणी?” त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. “अरेरे. बिचारी.”

मी हातातले बैठकीचे कागद टेबलावर ठेवले.

“मग एक करता येईल,” तो उत्साहाने म्हणाला. “वाकाच्या आतल्या बाजूला चकत्या जाड कातरतो. बाकीच्यांसारखी सरळ उभी राहील. कुणाला कळणारही नाही.”

शिंपीणकाकूच माझ्या कानाशी बोलली जणू. डाव्या खांद्यातली ती कापसाची घडी एकदम टोचायला लागली.

“नको,” मी म्हटलं.

“अहो पण ओळीत पाच...”

“नको म्हटलं ना! काय म्हणून कळू नये कुणाला? तिने काय चोरी केलीय? आज पुरे करा काम. जा तुम्ही.”

त्याने थाळी आवरली, सुया मोजून डबीत घातल्या. दारापाशी मी सवयीने म्हणाले, “आधी तुम्ही.” तो गेला. रोज वळून काहीतरी बोलायचा, त्या दिवशी वळला नाही.

पुढचे काही दिवस खिडकीजवळची खुर्ची रिकामी राहिली. मेणाचा वास विरून गेला आणि विभागात पुन्हा फक्त हाडं उरली. राग त्याचा आला होता की माझा, हे मला धड कळत नव्हतं. त्याला काय माहीत होतं? काहीच नाही. आणि सांगितलं असतं तर? तर पुन्हा एक ‘पण’.

सर एकदा चक्कर मारायला आले आणि चौथ्या चौकटीसमोर बराच वेळ उभे राहिले. सर सगळ्यांनाच बाळ म्हणतात. “बाळ, हिच्याबद्दल लोक विचारतील. काय सांगशील?”

“सांगेन, हिचे सांधे झिजलेत, म्हणजे म्हातारी होऊन गेली. हिच्या हाताची हाडं दणकट आहेत, म्हणजे आयुष्यभर कामं केली. आणि हिला नीट कुशीवर निजवून पुरलं होतं, उशाशी सपाट दगड ठेवून. म्हणजे हिचं कुणीतरी होतं.”

हे सगळं मी आकड्यांत लिहिलं होतं, पण तोंडाने कधी उच्चारलं नव्हतं.

सरांनी चष्मा पुसला. “मग त्या मोतीवाल्यालाही सांग की. पाचवा सर तसाच पडलाय.”

मी फोन लावला. पलीकडे दुकानातली गडबड ऐकू येत होती.

“मणके गाठवायचे राहिलेत,” मी म्हटलं.

“मणी की मणके?” त्याने विचारलं. आवाज जपून टाकलेला.

“मणके. एक सर.”

पलीकडे सुयांची डबी बंद झाल्याचा आवाज आला. मग, “येतो.”

तो आला तेव्हा बाहेर भुरभुर चालू होती, केसांवर पाण्याचे बारीक थेंब. थाळी न मांडताच उभा राहिला.

“माझी चूक झाली,” तो म्हणाला. “पण कुठली, ते मात्र कळलं नाही. कळली असती तर आधीच आलो असतो.”

आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. मी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“माझी पाठ तिच्यासारखी आहे,” मी म्हटलं.

त्याने चौकटीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. “कुठे?”

“कुठे म्हणजे? मागे!”

“नाही हो.”

“आहे! तेराव्या वर्षापासून आहे! खांदा बघा, हा खाली आहे. यात कापूस आहे.”

“मला वाटलं, झोळी अडकवून अडकवून झाला असेल,” तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडायला लागलं. “थांबा, थांबा. म्हणून तुम्ही रोज ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करायचात?”

“मग कशासाठी?”

“मला वाटायचं, मणके खिशात घालीन म्हणून पाळत ठेवताय!”

“पाळत?”

“तर काय! दारापर्यंत मागे, जिन्यावर मागे. ताईला म्हटलंसुद्धा, बाई गोड आहेत पण विश्वास काडीचा नाही.”

मला हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळ्यांतून पाणी यायला लागलं, थांबेचना. “पण तुमच्या लक्षात कसं नाही आलं? दोन मोत्यांतला केसाएवढा फरक कळतो तुम्हाला!”

“तुम्ही समोर असताना मी तुमच्या पाठीकडे बघू?” तो म्हणाला. “वेड लागलंय का मला?”

मी रुमाल शोधायला लागले. तो कुठेच सापडला नाही. त्याने थाळीबरोबरचं मऊ फडकं पुढे केलं, मोती पुसायचं.

“त्या दिवशी मी तिला बिचारी म्हटलं,” तो सावकाश म्हणाला. “ते उगाच म्हटलं. माझा सर फसला या गडबडीत मी जे बघायचं ते बघितलंच नव्हतं. घरी गेल्यावर लक्षात आलं. या, दाखवतो.”

त्याने चौथ्या सराच्या वरच्या मणक्यापासून ओळंबा सोडला. मोती डुलला, फिरला, हळूहळू थांबला.

तळाच्या बरोबर मधोमध.

“तीनदा ओवला, तिन्ही वेळा मोती इथेच,” तो म्हणाला. “मी मात्र वाकच बघत बसलो होतो. उजवीकडे गेली, मग तेवढीच डावीकडे आली. डोकं जिथे असायला हवं तिथे आणून ठेवलं. हे कुणी शिकवलं असेल हो तिला? सरळ माणसाला उभं राहायला काय लागतं? हिने रोज, आयुष्यभर... त्या रात्रीपासून मी हाच विचार करतोय.”

मी बघत राहिले. एवढी वर्षं मी माझ्या पाठीला चूकच समजत आले होते. एक वळण चुकलं, मग दुसरं चुकलं. दुसरं वळण पहिल्याला सावरायला आलं असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं. समोर पाच चौकटी होत्या, सात हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाची, कोवळ्या पोराची, त्यांच्या शेजारी तिसऱ्या सराची, कारकुनाची अजून रिकामी... आणि या सगळ्यांमध्ये ती. प्रत्येकाचा कणा निराळा, प्रत्येकावर त्याचं त्याचं आयुष्य बसून गेलेलं. आणि उभ्या असलेल्या चौघांचाही मोती मधोमध. खरंच सांगते, मला त्या क्षणी कुणाच्या तरी पाया पडावंसं वाटलं, फक्त कुणाच्या ते कळेना.

“तुमचा बघू?” त्याने विचारलं.

“काय?”

“ओळंबा.” तो एकदम लाजला. “म्हणजे... चालत असेल तर.”

मी वळले. कित्येक वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या तरी पुढे, मुद्दाम, पाठ करून उभी राहिले. केस पुढे घेतले. मानेच्या मणक्यावर त्याचं बोट टेकलं, मेणाचा वास आला, आणि दोरा पाठीवरून खाली सुटला. मोती हलत होता तेवढा वेळ मी श्वास घेतला नसावा. खिडकीवर पाऊस बारीक वाजत होता.

“मधोमध?” मी विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “केसभर डावीकडे.”

“बघा. म्हणजे...”

“डावीकडे मी बसतो.”

मी हलले नाही. त्यानेही दोरा सोडला नाही.

“रोज,” तो म्हणाला. “पुढेही बसेन म्हणतो. तुझी हरकत नसेल तर.”

तुम्हीचं तू कधी झालं ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. “पाचवा सर राहिलाय अजून,” मी कशीबशी म्हटलं.

“त्याला मी खूप दिवस लावणार आहे.”

“आमचे सर रागावतील.”

“मग सहावा गाठवू.”

संध्याकाळी आम्ही दिवे मालवले. दारापाशी तो नेहमीसारखा थबकला, बाजूला झाला आणि मान कलती करून वाट बघत राहिला, मी आता काय म्हणणार ते त्याला पाठच होतं. मी काहीच म्हटलं नाही. खांद्यातली कापसाची घडी दुपारीच उसवून टेबलाच्या खणात टाकली होती. मी उंबरठा ओलांडला आणि पुढे निघाले. तो लांबच लांब बोळ, मग जिना, जिन्याच्या एकेका पायरीवर पडलेला ओला उजेड. मागून त्याची पावलं येत होती, पण फार सावकाश.

“मागे काय करतोयस इतका वेळ?” मी न वळताच विचारलं.

“पाठ करतोय,” तो म्हणाला.